डिव्हाइज म्हणजे बेत आखणे आणि डिव्हाइज म्हणजे जमीन देऊन जाणे, हे एकाच शब्दात कसं काय?

पाटीपेन्सिल
मंडळी, मी भाषांतराची कामं करते, बहुतेक कोर्टाची नाहीतर बँकेची कागदपत्रं. सध्या एक इंग्रजी मृत्युपत्र हातात आहे आणि त्यात दर कलमाला 'आय गिव्ह, डिव्हाइज अँड बिक्वीद' असं पालुपद आहे. गिव्ह कळलं, बिक्वीद (मृत्युपत्राने ठेवून जाणे) पण माहितीये, पण हे डिव्हाइज? आपण शाळेत शिकलो तो डिव्हाइज म्हणजे युक्ती काढणे, योजना आखणे. डिक्शनरी उघडली तर खाली दुसरा अर्थ, मृत्युपत्राने स्थावर मालमत्ता देणे. आता बेत आखणं कुठे आणि आपल्यामागे घर कुणाला तरी देऊन जाणं कुठे. तर प्रश्न असा की हे दोन वेगळे शब्द आहेत जे योगायोगाने सारखे दिसतात (आपल्याकडे वाट म्हणजे रस्ता आणि वाट म्हणजे वाटून टाक, तसं) की एकच शब्द आहे आणि अर्थ भरकटलाय? आणि मोबाईलवाला डिव्हाइस त्याचाच भाऊ का?

चहाबाज
मला वाटतं वाटणी वाटून घ्यावी आणि चटणी वाटून ठेवावी. आपल्याकडे एका वाटणेत तीन अर्थ सुखाने नांदतात, इंग्रजांना दोनच झेपले.
(पळतो आता, जाणकार येतीलच)

निरुक्तप्रेमी
एकच शब्द आहे, अजिबात योगायोग नाही.

मूळ लॅटिन दिविदेरे, म्हणजे विभागणे. ज्याच्यापासून डिव्हाइड, डिव्हिजन, डिव्हिडंड वगैरे सगळी मंडळी येतात. बोलीभाषेतल्या लॅटिनमध्ये त्याचं 'पुन्हा पुन्हा विभागणे' अशा अर्थाचं रूप झालं, त्यातून जुन्या फ्रेंचमध्ये देविझेर. या देविझेरचे अर्थ बघा: वाटून लावणे, नीट मांडणे, आखणे, ठरवणे, आणि हो, सविस्तर सांगणे सुद्धा. नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड घेतल्यावर फ्रेंच ही दरबाराची आणि पुढे कोर्टाची भाषा झाली, त्या वाटेने तेराव्या शतकाच्या सुमारास हा शब्द इंग्रजीत शिरला आणि येताना सगळं बिऱ्हाड घेऊनच आला.

म्हणजे अर्थ भरकटला वगैरे काही नाही. एखादी गोष्ट आखायची तर आधी तिचे भाग पाडावे लागतात, हे इथे हे तिथे. आणि मालमत्तेची सोय लावायची तर तिचे पण भागच पाडावे लागतात, हे याला ते त्याला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये हीच क्रियापदं सरळ मृत्युपत्राने वाटून देणे या अर्थाने वापरलेली आहेत. तेव्हा उलट मी म्हणेन की वाटून देणं हा मूळाच्या जवळचा अर्थ आणि युक्ती काढणं हे पुढचं पोर.

डिव्हाइस हे त्याच घरातलं नाम. योजना, मग युक्ती, मग युक्तीने बनवलेली वस्तू, मग तुमच्या हातातला मोबाईल.

पाटीपेन्सिल
वा, दंडवत घ्या. पण मग उच्चाराचं काय? एकाला स आणि एकाला झ?

निरुक्तप्रेमी
अ‍ॅडव्हाइस आणि अ‍ॅडव्हाइझ जसं तसंच. नामाला स, क्रियापदाला झ. आपण मराठीत लिहिताना दोन्ही गोष्टी 'डिव्हाइस' अशाच ढकलून देतो म्हणून घोळ होतो. फक्त एक मेख आहे, कायद्यातलं नाम ('अ डिव्हाइज ऑफ लँड', म्हणजे मृत्युपत्रातून दिलेली जमीन) हे पण झ नेच उच्चारतात आणि एस नेच लिहितात. अमेरिकन लोक रिअलाइझ झेडने लिहितात पण डिव्हाइज मात्र तेही एसनेच, कारण तो ग्रीकवरून आलेला आइझ प्रत्यय नव्हे, शब्दाचाच भाग आहे.

बाँजूर_पुणे
फ्रेंच शिकतेय म्हणून माझे दोन आणे. आजच्या फ्रेंचमध्ये देविझे म्हणजे गप्पा मारणे! थोडं जुन्या वळणाचं क्रियापद आहे पण आहे. आणि देव्ही (शेवटचा एस गिळायचा) म्हणजे कामाचं एस्टिमेट, प्लंबर किंवा गवंडी काम सुरू करायच्या आधी देतो तो खर्चाचा कागद. आणि देव्हीज म्हणजे ब्रीदवाक्य, स्वातंत्र्य समता बंधुता ही फ्रान्सची देव्हीज. अनेकवचनात परकीय चलन. एका शब्दाने किती घरं करावीत.

चहाबाज
प्लंबरचं एस्टिमेट आणि मृत्युपत्र एकाच शब्दातून आले यात मला काही आश्चर्य वाटत नाही. पहिलं बघून दुसरं करावंसं वाटतं.

निरुक्तप्रेमी
@बाँजूर_पुणे, ब्रीदवाक्याचं असं आहे की सरदारांच्या ढालीवर ओळखीसाठी काढलेलं चिन्ह, म्हणजे इतरांपासून वेगळं दाखवणारी खूण, तिला देव्हीज म्हणत. वेगळं करणे, विभागणे, परत तोच धागा. मग त्या चिन्हाखालचं वाक्य पण देव्हीज. इंग्रजीतही डिव्हाइसचा हा अर्थ आहे, ढालीवरचं चिन्ह. आणि 'लेफ्ट टू हिज ओन डिव्हाइसेस' मध्ये डिव्हाइस म्हणजे यंत्र नव्हे बरं का, मनचा बेत, इच्छा. अँग्लिकन चर्चच्या जुन्या प्रार्थनेत 'डिव्हाइसेस अँड डिझायर्स ऑफ अवर ओन हार्ट्स' असं आहे त्यातलाच. हल्ली आईबाप पोराला टॅब देऊन मोकळे होतात तेव्हा दोन्ही अर्थ लागू पडतात हा भाग वेगळा.

काळा_डगला
व्युत्पत्ती झाली, आता कायद्याकडून सांगतो कारण हा शब्द जमिनीलाच का चिकटला आणि पैशाअडक्याला का नाही हे कोशात कळत नाही, ते कळायला इंग्लंडचा जमीन कायदा बघावा लागतो.

नॉर्मन लोक आल्यावर इंग्लंडात तत्त्व असं की सगळी जमीन शेवटी राजाची, बाकीचे तिचे धारक. धारक मेला की जमीन आपसूक वारसाला, बहुतेक ठिकाणी थोरल्या मुलाला, धाकट्यांना वाटाण्याच्या अक्षता. मृत्युपत्राने जमीन देणं कॉमन लॉमध्ये, म्हणजे राजाच्या कोर्टांच्या सर्वसाधारण कायद्यात, चालतच नव्हतं, काही शहरांत रूढीने सूट होती तेवढीच. बाराव्या शतकाच्या शेवटचा ग्लॅनव्हिलच्या नावाने ओळखला जाणारा ग्रंथ आहे त्यात स्पष्ट लिहिलंय की वारस देव करतो, माणूस नाही. आणि यात राजाचा आणि वरच्या सरदारांचा फायदा होता, कारण वारस गादीवर आला की नजराणा मिळे, वारस अज्ञान असला तर पालकत्व मिळे आणि तोवर त्या जमिनीचं उत्पन्नही खिशात.

मग लोकांनी काय केलं तर पळवाट काढली. जिवंतपणीच जमीन चार भरवशाच्या मित्रांच्या नावावर करायची, अट अशी की मी आहे तोवर माझ्यासाठी सांभाळा आणि मी गेलो की मी सांगून ठेवीन त्याला द्या. याला ते 'यूज' म्हणत, आजच्या ट्रस्टचा आजा. मेलेल्याच्या नावावर जमीनच नाही म्हटल्यावर राजाला नजराणा कसला. आठव्या हेन्रीला पैशाची तंगी, त्याने १५३६ साली कायदा करून ही पळवाट बुजवली. जमीनदार खवळले, त्याच वर्षी उत्तरेत जो मोठा उठाव झाला (पिलग्रिमेज ऑफ ग्रेस) तो मुख्यतः धर्माच्या कारणावरून, पण त्यांच्या मागण्यांत हा कायदा रद्द करा हीसुद्धा होती. शेवटी १५४० मध्ये स्टॅच्यूट ऑफ विल्स आला. सैनिकी चाकरीच्या अटीवरच्या जमिनीचा दोन तृतीयांश आणि बाकी साध्या धाऱ्यावरच्या जमिनीचा पूर्ण भाग मृत्युपत्राने देता येईल, लेखी मात्र पाहिजे. १६६० ला सैनिकी धारणाच रद्द झाली आणि ती तृतीयांशाची कटकटही गेली.

आता शब्द. जमिनीचे तंटे राजाच्या कोर्टात आणि तिथली बोली फ्रेंच, म्हणून जमिनीला फ्रेंच डिव्हाइज. चीजवस्तू, गुरंढोरं, रोकड यांच्या मृत्युपत्राचं काम चर्चच्या कोर्टात, त्याला जुना देशी बिक्वीद राहिला. चर्चकडचं प्रोबेटचं (मृत्युपत्र खरं असल्याचं ठरवण्याचं) काम थेट १८५७ साली काढून घेतलं म्हणजे बघा किती शतकं हे दोन संसार वेगळे चालले ते. जमीन घेणारा डिव्हायझी, वस्तू घेणारा लेगटी.

कुंभकर्ण
@काळा_डगला साहेब, लय भारी. म्हणजे कर चुकवण्यातून ट्रस्ट, कर वसुलीतून कायदा, आणि कायद्यातून शब्दाचा अर्थ. बिक्वीदचं मूळ काय मग?

निरुक्तप्रेमी
बिक्वीद म्हणजे मुळात बोलणे. जुन्या इंग्रजीत क्वेथान म्हणजे म्हणणे, ज्याचं 'क्वोथ' हे भूतकाळी रूप जुन्या कवितांत भेटतं. मरणाऱ्याने साक्षीदारांसमोर तोंडाने सांगायचं, तेच मृत्युपत्र. लेखी कागद नंतरचा. आणि टेस्टामेंटमध्ये लॅटिन टेस्टिस, साक्षीदार. म्हणजे एका शब्दात बोलणं, एकात साक्ष आणि डिव्हाइजमध्ये वाटणी. मृत्युपत्राला लागणारं सगळं सामान आलं की यात.

काळा_डगला
आणि साक्षीदारांची संख्या पण जमिनीसाठी वेगळी होती हो. १६७७ च्या कायद्याने जमीन डिव्हाइज करायची तर तीन किंवा चार भरवशाचे साक्षीदार लागत, चीजवस्तूला एवढं सोवळं नव्हतं. १८३७ च्या विल्स अ‍ॅक्टने दोन्हीला एकच नियम केला, दोन साक्षीदार. आपल्याकडे १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम ६३ मध्ये किमान दोन आहेत ते त्याच वळणाचे.

कुंभकर्ण
शेक्सपिअरचं १६१६ चं मृत्युपत्र आठवलं. त्यात मोठ्या मुलीला, सुझानाला, न्यू प्लेस हे घर देताना 'गिव्ह, विल, बिक्वीद अँड डिव्हाइज' असं चार चार क्रियापदांचं वाक्य आहे. आणि बायकोला? दोन नंबरचा चांगला पलंग, सामानासकट. तिथे नुसतं 'गिव्ह'. घराला चार क्रियापदं आणि बायकोला एक, वकिलाने शब्दावर पैसे घेतले असणार.

एडिसनची_मावशी
पलंगावरून हसू नका रे, त्या काळी चांगला पलंग म्हणजे महागाची वस्तू होती, आजच्या सोफ्यासारखा नाही. आणि कायद्याने विधवेला नवऱ्याच्या जमिनीत तिसरा हिस्सा हयातभर वापरायला मिळायचा ना? डॉवर म्हणतात तो.

बाकी इकडे अमेरिकेत डिव्हाइजची गंमत वेगळीच आहे. १९६९ साली युनिफॉर्म प्रोबेट कोड म्हणून एक नमुना कायदा तयार केला, बऱ्याच राज्यांनी थोडाफार उचलला. त्यात त्यांनी बिक्वीद बाजूला ठेवून डिव्हाइज हाच एक शब्द जमीन, पैसा, दागिने सगळ्याला लावला. म्हणजे आजीच्या पाटल्या पण डिव्हाइज होतात! आमच्या ओळखीतल्या वकीलबाई अजूनही मसुद्यात तिन्ही शब्द घालतात, म्हणाल्या सवय आहे आणि नुकसान काही नाही.

निरुक्तप्रेमी
मावशी तुम्ही विधवेचा विषय काढलात म्हणून राहवत नाही. दिविदेरेमध्ये जो मूळ धातू आहे, वेगळे करणे या अर्थाचा, त्याच भारोपीय (भारतातल्या आणि युरोपातल्या बऱ्याच भाषांच्या समान पूर्वज भाषेतल्या) धातूपासून लॅटिन विदुआ, इंग्रजी विडो, जर्मन विटवं, रशियन व्दोवा, फारसी बेवा आणि आपला संस्कृत विधवा. विधवा म्हणजे जी एकटी पडली, वेगळी झाली ती. म्हणजे डिव्हाइज आणि विधवा हे दूरचे का होईना पण सख्ख्या रक्ताचे नातलग.

सदाशिवपेठी
कै च्या कै. विधवा म्हणजे वि अधिक धव, धव म्हणजे पती, पतीविना ती विधवा. सधवा शब्द आहे की नाही? माधव म्हणजे मा चा, लक्ष्मीचा, धव. हे सगळं गोऱ्यांच्या आधीपासून आपल्याकडे आहे. प्रत्येक गोष्टीला लॅटिनचं शेपूट लावायची काय हौस.

निरुक्तप्रेमी
शेपूट लॅटिनचं नाहीये हो, दोघांचा आजा एक आहे एवढंच म्हणणं आहे. आणि धवची व्युत्पत्ती जुनी आहे हे मान्य, खुद्द यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीच्या प्राचीन ग्रंथात, दिलीये. पण यास्क काय करतो ते नीट वाचा. तो विधवेच्या एकाहून जास्त व्युत्पत्त्या देतो, आधी आधार नसलेली, मग थरथरण्यावरून, सैरावैरा धावण्यावरून, आणि मग म्हणतो की किंवा धव हे मनुष्याचं नाव, त्याच्या वियोगाने विधवा. म्हणजे त्यालाच एक कुठली ठाम वाटत नव्हती. ज्या ऋचेवर तो हे लिहितो ती दहाव्या मंडलातली, 'विधवेव देवरम्'. म्हणजे ऋग्वेदात विधवा शब्द आहे. आजचे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ म्हणतात की विधवा या आख्ख्या शब्दाची लोकांनी वि + धव अशी फोड केली आणि त्यातून धव सुटा झाला, मग त्यावरून सधवा बनवला. बाकी भाषांमधले भाऊबंद बघितले की ते पटतं, कारण लॅटिन विदुआ किंवा रशियन व्दोवामध्ये धव नावाचा नवरा कुठून येणार? आणि माधव मधुवरून, मधूच्या कुळातला. लक्ष्मीपती हा अर्थ सुंदर आहे पण नंतरचा.

सदाशिवपेठी
यास्काला ठाम वाटत नव्हती हा तुमचा निष्कर्ष. त्याची पद्धतच अनेक व्युत्पत्त्या देण्याची आहे, सगळ्या एकाच वेळी खऱ्या मानायच्या. असो. धाग्याचा काश्मीर करत नाही.

निरुक्तप्रेमी
हा मुद्दा मात्र चांगला आहे तुमचा. त्यावर वेगळा धागा काढा, येतो मी.

वरणभात_लिंबू
मला एक सुचलंय, बघा पटतंय का. निरुक्तप्रेमी म्हणाले तसं आखणे आणि वाटणे हे जर एकाच शब्दात येत असेल तर आपल्याकडे पण असा शब्द असायला हवा ना? आहे! 'कल्पना'. याज्ञवल्क्यस्मृतीत वारसा वाटपाच्या प्रकरणात 'अनेकपितृकाणां तु पितृतो भागकल्पना' असं वचन आहे. भागकल्पना म्हणजे हिस्से ठरवणे. नातवंडं वेगवेगळ्या बापांची असतील तर डोकी मोजून वाटायचं नाही, बापागणिक हिस्से पाडायचे. समजा थोरल्याला एक मुलगा आणि धाकट्याला तीन, तर थोरल्याच्या एकुलत्याला निम्मं आणि धाकट्याच्या तिघांत मिळून निम्मं.

आता क्लृप् म्हणजे जुळवणे, रचणे, योजणे. त्यातून मनात रचतो ती कल्पना, आणि वाटणीत रचतो ती भागकल्पना. डिव्हाइजची आणि हिची वाट वेगळी पण मुक्काम एकच गाठला दोघींनी. डोक्यात आलं आणि एकटीच हसत बसले.

काळा_डगला
लाख बोललात! आणि ते बापागणिक वाटणं इंग्रजी मृत्युपत्रात 'पर स्टर्पीस' म्हणून लॅटिनमध्ये येतं, स्टर्प्स म्हणजे खोड, शाखा. पाटीपेन्सिल बाई, तुमच्या कागदात असेल तर शाखेनिहाय असं करा. आपल्या १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात पण आधी गेलेल्या मुलाच्या शाखेला एक हिस्सा हेच तत्त्व आहे.

एक भर घालतो. भागकल्पना आपल्याकडे हजारो वर्षांची, पण मृत्युपत्र नाही. धर्मशास्त्रात दाय आहे, विभाग आहे, दान आहे, मेल्यानंतर लागू होईल असा इच्छेचा कागद नाही. महाराष्ट्रात मिताक्षरा चालायची, विज्ञानेश्वराची याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका, साधारण ११०० च्या आसपासची. त्यात मुलाला जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीत हक्क, मग बाप ती कागदाने देऊन टाकणार कशी? १८१० साली कोलब्रुकने मिताक्षरेतलं वाटणीचं प्रकरण आणि बंगालात चालणारा वारशाचा ग्रंथ दायभाग यांचं इंग्रजी भाषांतर छापलं आणि कोर्टं त्यावर चालायला लागली. विल नावाची चीज आपल्याकडे इंग्रजी कोर्टांबरोबर रुजली, १८७० मध्ये हिंदू विल्स अ‍ॅक्ट आला. आणि सामाईक मिळकतीतला आपला हिस्सा मृत्युपत्राने देता येईल हे १९५६ च्या कायद्याच्या कलम ३० ने स्पष्ट केलं.

पगडीवाला
ताई महाराज प्रकरण आठवलं का कुणाला? पुण्याच्या बाबा महाराजांनी १८९७ साली मरायच्या आधी मृत्युपत्र केलं, त्यात टिळकांना आणि इतर काही जणांना विश्वस्त नेमलं. विधवा ताई महाराजांनी दत्तक घ्यायचा होता, औरंगाबादला जाऊन १९०१ मध्ये दत्तकविधान झालं, मग बाईंनी तेच नाकारलं, आणि फौजदारी दिवाणी सगळं होऊन शेवटचा निकाल १९१५ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमधून (तेव्हाचं आपलं शेवटचं अपिलाचं कोर्ट), टिळकांच्या बाजूने. मधल्या काळात टिळक मंडालेला जाऊनसुद्धा आले. एका मृत्युपत्रापायी.

सातबारा_त्रस्त
आमच्याकडे प्रिव्ही कौन्सिल नाही पण वेळ तेवढाच लागतोय. वडिलांचं मृत्युपत्र नोंदणी केलेलं, दोन साक्षीदार, डॉक्टरचं सर्टिफिकेट, सगळं. तरी फेरफार अडकलेला कारण चुलतभावाने हरकत घेतली आणि संबंधित कार्यालय म्हणतं तारखेला या. तारखेला गेलं की साहेब मीटिंगला. डिव्हाइज करून गेले वडील, आता आम्ही डिव्हाइसवर स्टेटस बघत बसलोय.

एक विचारू का, मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची आहे का? गावात सगळे सांगतात की नोंदणी नसेल तर कागद कचरा.

काळा_डगला
सक्तीची नाही, १९०८ च्या नोंदणी कायद्यात ती ऐच्छिक आहे. स्टँप ड्युटी पण नाही, कोऱ्या कागदावर लिहिलं तरी चालतं. पण सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या नीट पाहिजेत, आणि साक्षीदारांनी मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना बघितलेलं असावं, किंवा ती सही आपली आहे असं त्याने त्यांच्यापाशी कबूल केलेलं असावं. नोंदणी केली तर पुढे वाद झाल्यावर बरं पडतं एवढंच. तुमच्या हरकतीचं इथे बोलू नका, कागद घेऊन दिवाणीचा वकील गाठा.

मांडवीकाठचा
तुम्ही सगळे मृत्युपत्राने काय वाट्टेल ते देता येतं असं धरून चाललात. आमच्या गोव्यात तसं नाही हां. पोर्तुगीज नागरी संहिता १८६७ ची, आमच्याकडे १८७० पासून. मुलंबाळं असतील तर मिळकतीचा अर्धा भाग त्यांचाच, त्याला लेजितिमा म्हणतात, त्याला हात लावायचा नाही. मृत्युपत्राने द्यायचं ते उरलेल्या अर्ध्यातून. आणि त्याच्याही आधी नवराबायकोच्या सामाईक मिळकतीतलं निम्मं जोडीदाराचं असतंच. आता २०१२ चा गोव्याचा स्वतःचा कायदा आहे पण तत्त्व तेच राहिलं. एखाद्या पोरावर रागावून त्याला घरातून बेदखल करतो म्हणणारे आईबाप आमच्याकडे नुसती धमकीच देऊ शकतात, कायद्यात लिहिलेली ठराविक गंभीर कारणं असल्याशिवाय.

इंग्रजांचा डिव्हाइज म्हणजे मालक म्हणेल तसं, आणि आमचा म्हणजे कायद्याने आधीच वाटून ठेवलेलं. मुसलमानी कायद्यात पण वसीयत एक तृतीयांशापर्यंतच, वारसांची संमती नसेल तर. म्हणजे 'हवं त्याला हवं ते' हा नियम नाही, अपवादच म्हणायचा.

एडिसनची_मावशी
@मांडवीकाठचा हे फार महत्त्वाचं बोललास बाबा. इकडे लोक कुत्र्यामांजरांसाठी ट्रस्ट ठेवून जातात आणि पोरं बघत बसतात.

चहाबाज
मावशी, बोका मिळाला तर कळवा. दत्तक जायला तयार आहे.

वरणभात_लिंबू
मूळ प्रश्नाकडे येऊया? बाईंना मराठी शब्द पाहिजे असणार. मला वाटतं 'व्यवस्था' जवळचा आहे. मृत्युपत्राला आपल्याकडे व्यवस्थापत्र असंही म्हणतात, आणि व्यवस्था म्हणजे आखणी पण आणि सोय लावणं पण. 'विल्हेवाट' पण खरं तर चांगला होता, विल्हेवाट लावणे म्हणजे नीट लावून देणे, पण आता तो कचऱ्यालाच उरलाय.

सदाशिवपेठी
'माझ्या घराची मी खालीलप्रमाणे विल्हेवाट लावत आहे' असं मृत्युपत्रात लिहून बघा, मुलगा त्याच दिवशी येईल भेटायला.

पाटीपेन्सिल
हसून हसून पुरेवाट झाली. एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. सर्टिफाइड भाषांतर असल्यामुळे तीन क्रियापदांची तीन ठेवावीच लागणार, एकात गुंडाळलं तर क्लायंटचा वकील परत पाठवेल. सध्या असं केलंय: 'मी देतो, माझी स्थावर मिळकत या मृत्युपत्रान्वये नेमून देतो व जंगम मिळकत मृत्युपत्रित करतो'. 'नेमून देतो' मध्ये ठरवणं आणि देणं दोन्ही येतं म्हणून घेतलं, पण 'मृत्युपत्रित' मला स्वतःलाच खटकतंय. कुणी सुचवा.

काळा_डगला
मृत्युपत्रित काढा, कोर्टात कुणी असं लिहीत नाही. 'जंगम मिळकत मृत्युपत्राने ठेवून जातो' करा, साक्षीदाराला वाचून दाखवलं तरी कळेल. 'नेमून देतो' झकास आहे, राहू द्या.

आणि एक विचारतो, त्या कागदात हिंदुस्थानातली स्थावर आहे का काही? कारण मृत्युपत्र कुठेही केलं तरी जमिनीला जमीन जिथे आहे तिथला कायदा लागतो.

पाटीपेन्सिल
आहे ना. दुसऱ्याच पानावर आंब्याची बाग आहे, आणि भावाबरोबर सामाईक.

काळा_डगला
सामाईक? मग भाषांतर द्या पण सोबत निरोप द्या की आधी इथला सातबारा काढा आणि बागेत त्यांचा हिस्सा नक्की किती ते बघा. जेवढा हिस्सा तेवढाच नेमून देता येईल.

मांडवीकाठचा
बाग सिंधुदुर्गात की पत्रादेवीच्या अलीकडे आमच्यात? अलीकडे असली तर माझी अर्ध्याची गोष्ट परत वाचायला सांगा.